तारेवरचा ऑपेरा

पॅरिसच्या बुलेव्हार ओसमानवर १०२ नंबरच्या इमारतीत एक झोपायची खोली होती. तिच्या भिंतींना आणि छताला बुचाचे तक्ते ठोकले होते. खिडक्यांच्या झडपा बंद, त्यांवर जाड पडदे, आणि ते पडदे उघडायची कुणाला मुभा नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा खडखडाट, धूळ, झाडांचे परागकण यांपैकी काहीही आत येता कामा नये, असा सगळा बंदोबस्त. आत राहणारा माणूस दम्याने बेजार होता. तो दिवसा झोपे आणि रात्रभर पलंगावरच उशांना टेकून लिहीत बसे. नाव मार्सेल प्रूस्त. १९११च्या फेब्रुवारीतल्या एका रात्री त्याने लिहिणं बाजूला ठेवलं, कानांना रिसीव्हर लावले आणि वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’चा तिसरा अंक ऐकला. ऑपेरा हाउस तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. गायक तिथे गात होते, प्रूस्त इथे पलंगावर होता, आणि मधे तार होती.

बाहेरचा आवाज अडवणाऱ्या भिंती, उजेड अडवणारे पडदे, दोन कानांना दोन रिसीव्हर आणि वर्गणी भरली की घरपोच येणारं संगीत. आजचा होम थिएटरवाला कोटेशनमध्ये जे मोठे खर्च लिहून देतो, ते सगळे या खोलीत होते. रिमोट तेवढा नव्हता. त्याच्या जागी नोकर होता.

मध्यंतरी कोथरूडला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या मुलाने आतल्या खोलीचं होम थिएटर केलंय. भिंतींना राखाडी पॅनेल, छतात स्पीकर, मोटरवर चालणारे पडदे. ‘‘काका, आता बघा हं,’’ म्हणत त्याने मोबाइलवर बोट लावलं. एक पडदा ऐटीत खाली उतरला, दुसरा अर्ध्यावर येऊन कुरकुरला आणि तिथेच थांबला. मुलगा स्टुलावर चढला. पण मोटरचा पडदा हाताने ओढला तर येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. शेवटी वहिनींनी एक जुनी चादर आणून दिली आणि ती वर खोचल्यावर अंधार झाला. मग त्याने आजोबांसाठी बालगंधर्वांची एक जुनी रेकॉर्ड लावली. इंटरनेटवरून आलेली ती शंभरीला टेकलेली खरखर चहूबाजूंनी, अगदी छतातूनसुद्धा ऐकू यायला लागली. पद संपलं तसा अंधारातून आजोबांचा आवाज आला, ‘‘वन्स मोअर!’’ नातवाने पुन्हा बोट लावलं. तेच पद, त्याच जागा, तीच खरखर. ते संपेपर्यंत आजोबा गप्प होते. नंतर म्हणाले, ‘‘अरे, हे तर तेच म्हणतायत परत.’’

घरी परत येताना माझ्या डोक्यात प्रूस्त होता.

ही तार पहिल्यांदा ओढली गेली १८८१ साली. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पॅरिसमध्ये शाँजेलिझेवरच्या ‘पॅले द लँद्युस्त्री’ या प्रचंड वास्तूत त्या ऑगस्टपासून विजेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. एडिसनचे दिवे होते, सीमेन्सची विजेवर चालणारी ट्राम होती. पण संध्याकाळ झाली की झुंबड उडायची ती टेलिफोनच्या खोल्यांपुढे. बेलने टेलिफोनचं पेटंट घेतलं त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. बहुतेक पॅरिसकरांनी फोनवर माणसाचं बोलणंही अजून धड ऐकलं नव्हतं, आणि इथे तर ऑपेरा ऐकू येतोय म्हणे!

हे घडवून आणलं क्लेमाँ आदेर या इंजिनिअरने. पुढे हाच माणूस वाफेच्या इंजिनाचं, वटवाघळासारख्या पंखांचं एक विमान घेऊन जमिनीपासून वीतभर उंच उठला, आणि फ्रेंच भाषेला विमानासाठी ‘आव्हियों’ हा शब्द देऊन गेला. पण ते १८९०चं. १८८१ साली त्याचं सगळं लक्ष ऑपेराच्या रंगमंचावर होतं. फूटलाइटच्या ओळीत, प्रॉम्प्टरच्या खोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना त्याने ट्रान्समीटर मांडले. (आपला प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो. त्यांचा रंगमंचाच्या ऐन मध्यावर जमिनीत बसवलेल्या खोक्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो.) प्रत्येक ट्रान्समीटर म्हणजे एक पातळ लाकडी फळी आणि तिच्या खाली कार्बनच्या कांड्या. आवाजाने फळी थरथरली की कांड्यांचा एकमेकींवरचा दाब बदलायचा, आणि त्यांतून वाहणारा विजेचा प्रवाह त्या थरथरीबरोबर कमीजास्त व्हायचा. ही थरथर तारेतून जायची. पंचाईत अशी की फळीला गाणं आणि पाय यांतला फरक कळत नाही. ऑपेरात बॅले असतो, आणि डझनावारी नर्तकी एकदम उडी मारून खाली आल्या की ऐकणाऱ्याच्या कानात दरड कोसळायची. म्हणून आदेरने ट्रान्समीटर शिशाच्या जड बैठकींत बसवले आणि बैठकींखाली रबराचे पाय लावले. आज महागड्या स्पीकरखाली जे रबरी पाय लावतात, त्यांचा हा खापरपणजोबा.

तिथून तारा निघाल्या त्या पॅरिसच्या भुयारी गटारांतून. शहराच्या पोटात माणूस उभ्याने चालू शकेल अशी गटारं आधीच बांधलेली होती, त्यामुळे रस्ते खणायचा प्रश्नच नव्हता. साधारण दोन किलोमीटरवर, प्रदर्शनातल्या खोल्यांत, या तारा वर आल्या. खोल्यांच्या भिंतींवर गालिचे सोडले होते, बाहेरचा गलबला आत येऊ नये म्हणून. भिंतीवर रिसीव्हरच्या जोड्या टांगलेल्या. मंडळी घोळक्याने आत जात, काही मिनिटं ऐकत, आणि मागचे ढकलायला लागले की बाहेर येत.

या जोड्यांतच खरी गंमत होती. डाव्या कानाचा रिसीव्हर रंगमंचाच्या एका बाजूच्या ट्रान्समीटरला जोडलेला, उजव्या कानाचा दुसऱ्या बाजूच्या. गायिका चालत डावीकडून उजवीकडे गेली की तिचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानाकडे सरकायचा. डोळे मिटले तर कोण कुठे उभं आहे हे सांगता यायचं. ‘स्टीरिओ’ हा शब्द त्या वेळी कुणाच्या तोंडी नव्हता. ॲलन ब्लमलाइनने लंडनमध्ये स्टीरिओचं पेटंट मागितलं ते १९३१ साली, म्हणजे त्यानंतर बरोबर ५० वर्षांनी. गालिचे टांगलेल्या त्या खोल्यांत ऐकणाऱ्यांना मात्र एवढंच कळत होतं की आवाजाला जागा असते, आणि तारेतून ती जागासुद्धा येते.

११ नोव्हेंबर १८८१ रोजी ७९ वर्षांचा व्हिक्टर ह्यूगो नातवंडांना घेऊन टपालमंत्र्यांच्या निवासस्थानी गेला. तिथेही तार आणली होती. त्याने आधी ऑपेरा ऐकला, मग नाटक, मग ऑपेरा-कोमिक. त्या रात्री त्याने टिपण केलं की पोरं हरखून गेली आणि मीही. ‘ले मिझेराब्ल’मध्ये ज्याने पॅरिसच्या गटारांवर पानंच्या पानं लिहिली, त्याला म्हातारपणी त्याच गटारांतून गाणं ऐकायला मिळालं. या योगायोगाकडे त्याचं लक्ष गेलं असेल की नाही, कोण जाणे. मला तो फार आवडतो.

प्रदर्शन नोव्हेंबरात संपलं. दोन महिन्यांनी, जानेवारी १८८२मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. ती पेढ्यांसाठी, गिरण्यांसाठी, गोदीसाठी. गाण्याचा विचार तिथे नव्हता.

या तारेची खरी गरज कुणाला होती, हे लिस्बनच्या एका प्रसंगातून छान कळतं. १८८४ साली पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याची बहीण वारली. तिला सॅक्सनीच्या राजघराण्यात दिलेली होती. राजा सुतकात. आणि नेमकं त्याच वेळी साओ कार्लोश थिएटरात पोर्तुगीज संगीतकार आउगुश्तो माशादोचा नवा ऑपेरा लागणार. सुतकात राजाने थिएटरच्या बॉक्समध्ये बसलेलं लोकांना कसं चालेल? टेलिफोन कंपनीने थिएटरपासून राजवाड्यापर्यंत तार टाकून दिली. राजाने काळ्या कपड्यांत, आपल्या वाड्यात बसून ऑपेरा ऐकला. लोकांनी पाहिलं नाही, म्हणजे सुतक मोडलं नाही. खूश होऊन त्याने कंपनीच्या संचालकाला सरदारकीचा एक किताब दिला. पुढच्याच वर्षी लिस्बनकरांसाठी वर्गणीवर अशी सोय सुरू झाली. सुतकातल्या राजाचं पाहून सुतकात नसलेल्यांनीही घरी बसायचं ठरवलं.

पॅरिसमध्ये १८९० साली ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनीच निघाली. हॉटेलांत, कॅफेंत, थिएटरांच्या दिवाणखान्यांत तिने यंत्रं बसवली. ५० सांतीम टाकले की पाच मिनिटं, एक फ्रँक टाकला की दहा. ज्युल शेरे याने त्यासाठी पोस्टर रंगवलं: पिवळ्या झग्यातली एक तरुणी, कानाशी रिसीव्हर, चेहऱ्यावर खोडकर आनंद, आणि मागे अंधारात टोप्या घातलेले पुरुष आपला नंबर कधी लागतो म्हणून ताटकळत उभे. पाच मिनिटांत ऑपेरा कसा ऐकतात? नाणं पडलं तेव्हा नायक मरत असेल, तर मरणाआधीचं आणि मरणानंतरचं दुसऱ्याच्या नाण्यात. पण लोक ऐकत. ज्याच्या घरी तार असे त्याला हा त्रास नव्हता. तो र्यू लुई-ल-ग्राँवरच्या केंद्राला सांगे, अमुक थिएटर लावा, आणि तिथला माणूस स्विचबोर्डवर त्याची तार त्या थिएटरच्या तारेला जोडून देई. ‘प्लेलिस्ट’ म्हणजे त्या रात्री पॅरिसमध्ये जे जे चालू असेल ते.

लंडनला १८९५ साली ‘इलेक्ट्रोफोन’ निघाला. वर्षाला ५ पौंड. कारकुनाच्या ऐपतीतली गोष्ट नव्हे. इंग्रजांनी त्यात स्वतःची भर घातली. आठवडाभर नाटकं आणि म्युझिक हॉल, रविवारी चर्चमधलं प्रवचन! व्यासपीठावर मायक्रोफोन ठेवला तर भाविकांचं लक्ष विचलित होईल, म्हणून मायक्रोफोनला बायबलच्या आकाराचं लाकडी सोंग दिलं. पाद्री खऱ्या बायबलवर हात ठेवून बोले, आणि शेजारचं खोटं बायबल ते शब्द वर्गणीदाराच्या पलंगापर्यंत पोहोचवी. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या इस्पितळांतही या तारा गेल्या. पांढऱ्या चादरींवर ओळीने पडलेले जवान, प्रत्येकाच्या कानाला रिसीव्हर, आणि सगळे एकदम हसतायत. पण वॉर्डात विनोद करणारा कुणीच नाही. बाहेरून पाहणाऱ्या नर्सला ते कसं वाटलं असेल, असं मनात येतं.

बुडापेस्टचा प्रकार मात्र या सगळ्यांहून वेगळा, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचा. तिवादार पुश्काश हा हंगेरियन गृहस्थ बरीच वर्षं युरोपात एडिसनचं काम पाहत होता. त्याच्या ध्यानात आलं की तार दिवसभर रिकामी पडून राहते आणि फक्त रात्री गाते, हा आतबट्ट्याचा धंदा आहे. त्याने १५ फेब्रुवारी १८९३ला ‘टेलेफोन हिर्मोंडो’ सुरू केलं. हिर्मोंडो म्हणजे दवंडीवाला, बातमी सांगत फिरणारा. सकाळपासून बातम्या, शेअरचे भाव, हवामान, संसदेतली भाषणं. दुपारी लष्करी बँड. आणि रात्री राजेशाही ऑपेरा हाउसमधून थेट संगीत. सगळं वेळापत्रकाप्रमाणे. आवाज वाढवायचं कुठलंही साधन अजून शोधलं गेलं नव्हतं, म्हणून बातम्या वाचायला खणखणीत गळ्याची माणसं निवडून ठेवली होती. तोंडाशी दोन मायक्रोफोन धरून ती तारस्वरात शेअरचे भाव ओरडत, आणि थकली की दुसरी उभी राहत. घरोघरी मात्र तेच भाव कानगोष्टीइतके हळू ऐकू येत. महत्त्वाचं काही असलं की यंत्रात मोठा गुणगुणाट होई, म्हणजे रिसीव्हर खुंटीला अडकवलेला असला तरी घरातलं कुणीतरी धावत येई. नोटिफिकेशनच ते.

पुश्काशला हे फार काळ पाहायला मिळालं नाही. सेवा सुरू झाल्यानंतर महिन्याभरातच तो वारला. पण बारा-चौदा वर्षांत बुडापेस्टमध्ये या तारेचे सहा हजारांवर वर्गणीदार झाले. पॅरिस-लंडनला इतके कधीच मिळाले नाहीत. कारण उघड आहे. तिथे तार श्रीमंतांच्या रात्रीसाठी होती, इथे ती मध्यमवर्गाच्या दिवसासाठी होती.

अमेरिकेत काही आटोपशीर होणं शक्यच नव्हतं. थॅडियस काहिल याने प्रश्न उलट्या टोकाने धरला. थिएटरातला आवाज आधीच नाजूक, त्यात तारेत शिरल्यावर तो आणखी मरतो. मग मुळात आवाज कशाला हवा? संगीत थेट विजेतूनच निर्माण करू या. त्याने प्रत्येक सुरासाठी एक जनित्र असं शंभरावर जनित्रांचं वाद्य बनवलं आणि त्याला ‘टेलहार्मोनियम’ म्हटलं. वजन सुमारे २०० टन. १९०६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होलियोकहून ते न्यूयॉर्कला आणायला मालगाडीच्या तीसएक वाघिणी लागल्या. ब्रॉडवे आणि ३९व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यासाठी हॉल घेतला. तळघरात जनित्रांची घरघर, वरच्या दिवाणखान्यात दोन वादक पट्ट्यांवर बोटं फिरवतायत, आणि सूर निघतोय तो लांबच्या रेस्तराँमध्ये, फर्नच्या कुंडीमागे दडवलेल्या कर्ण्यातून. मार्क ट्वेन या वाद्याच्या प्रेमात पडला. १९०६च्या शेवटच्या रात्री त्याने आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना तारेवरून आलेलं हे संगीत ऐकवलं. एडवर्ड बेलमीने १८८८च्या कादंबरीत सन २०००मधलं बोस्टन रंगवलं होतं, त्यात बाई भिंतीवरचा खटका फिरवते आणि खोली संगीताने भरून जाते. लोकांना वाटलं, ९४ वर्षं आधीच आलं!

आलं तसंच गेलंही. या अगडबंब यंत्राचा प्रवाह इतका जोरकस की शेजारच्या टेलिफोनच्या तारांत तो झिरपायचा. दोन व्यापारी भावावरून हुज्जत घालतायत, आणि मधेच कुठून तरी ऑर्गनचे सूर! टेलिफोन कंपनी वैतागली, १९०७च्या मंदीत भांडवल आटलं, १९०८मध्ये हॉलला कुलूप लागलं. या वाद्याचा एकही नमुना आज शिल्लक नाही, आणि त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. २०० टन लोखंड आणि तांबं भंगारात गेलं, आणि ते कसं वाजायचं हे आता कुणीच सांगू शकत नाही. पुढे १९३५मध्ये आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये काहिलची फिरती चाकं लहान होऊन परत आली, तेवढीच त्याची आठवण.

बाकीच्यांना रेडिओने खाल्लं. तारेचा हिशोब सरळ होता: जितकी घरं तितकं तांबं. रेडिओला घरं मोजावीच लागत नव्हती. लंडनमध्ये इलेक्ट्रोफोन वर्षाला ५ पौंड मागत होता, आणि १९२२ साली आलेल्या बीबीसीचं लायसन्स पडत होतं १० शिलिंगला, म्हणजे दहाव्या हिश्शात. १९२३पर्यंत इलेक्ट्रोफोनचे वर्गणीदार वाढतच होते. १९२५च्या जूनअखेर कंपनी बंद. पॅरिसचा थिएट्रोफोन १९३२पर्यंत कसाबसा तग धरून राहिला. बुडापेस्टचा दवंडीवाला तेवढा हुशार निघाला. त्याने रेडिओशी वैर न धरता घरोबा केला आणि जुन्या तारांवरून रेडिओचाच कार्यक्रम ऐकवत राहिला. १९४४च्या युद्धात त्या तारा तुटल्या तेव्हा कुठे त्याचा आवाज थांबला. आपल्या घरांत गाणं आलं ते आधी तबकडीतून, आणि मग २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाल्यावर हवेतून, वर्षाला १० रुपयांच्या लायसन्सवर. आज फायबर घरात आली आहे आणि दरमहा वर्गणी कापली जाते. म्हणजे हवेतून फिरून आपण पुन्हा तारेवर आलो आहोत, आणि रेडिओने स्वस्ताईची लावलेली सवय मोडून पुन्हा हप्ते भरतो आहोत. हे मला गमतीचं वाटतं. वाईट म्हणवत नाही, कारण मीही भरतो.

आता परत त्या बुचाच्या खोलीत जाऊ.

प्रूस्तला तारेबद्दल काही भाबडा भ्रम नव्हता. त्यातून फार वाईट ऐकू येतं, असं त्याने मित्राला कळवलं होतं. वाग्नरचं त्याला जवळजवळ पाठ होतं, म्हणून जे ऐकू येत नसे ते तो स्वतःच्या डोक्यातून भरून काढी. तारेतून सांगाडा यायचा, त्यावर मांस तो चढवायचा. देब्युसीच्या ‘पेलेआस ए मेलिझांद’ने त्याला असंच पछाडलं. हा ऑपेरा तारेवरून ऐकत त्याने किती रात्री घालवल्या असतील! त्याच्या संगीतकार मित्राला, रेनाल्दो हानला, देब्युसी फारसा पसंत नव्हता. प्रूस्तने त्यालाच पेलेआसच्या धाटणीचे नकली संवाद रचून पाठवले. एकदा कानात एक गुळमुळीत, सुखद, पण आकार नसलेला नाद येत होता. तो मन लावून ऐकत राहिला. काही वेळाने लक्षात आलं की हे देब्युसीचं संगीत नाही, हे मध्यंतर आहे. रिसीव्हरमध्ये थिएटरातल्या माणसांची कुजबुज येत होती.

मला या किश्शाचं फक्त हसू येत नाही. ज्या गर्दीला चुकवून हा माणूस बुचाच्या खोलीत बसला, त्या गर्दीचा आवाज त्याला संगीतासारखा गोड लागला.

पुढे १९१३च्या सुमारास त्याने मादाम स्त्राउस या वृद्ध मैत्रिणीला थिएट्रोफोन घ्यायचा आग्रह केला. आता तारेवर मैफिलीही यायला लागल्या होत्या, आणि बेटोव्हेनच्या ‘पॅस्टोरल’ सिंफनीतला ओढा आणि पाखरं आपल्याला पलंगावर भेटायला येतात, असं त्याने तिला लिहिलं. त्यावर पुस्ती अशी जोडली की बिचाऱ्या बेटोव्हेनलाही ती आपल्यापेक्षा जास्त प्रत्यक्ष भेटली नसतील, तो तर ठार बहिरा होता.

मग युद्ध आलं, आणि प्रूस्तला तारेवरून भेटणं पुरेनासं झालं. १९१६ साली एका रात्री, पॅरिसमध्ये युद्धामुळे दिवे मंदावलेले असताना, त्याने गास्तों पूले या तरुण व्हायोलिनवादकाला आणि त्याच्या तीन साथीदारांना टॅक्सीत घालून घरी आणलं. बुलेव्हार ओसमानवर ते पोहोचले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. पडदे ओढलेलेच. त्याला सेझार फ्रांकची क्वार्टेट ऐकायची होती. ती पाऊण तासाची, आणि वादकांचा घाम काढणारी. चौघांनी ती वाजवली. तो डोळे मिटून पडून ऐकत होता. संपल्यावर काही वेळ खोलीत कुणीच बोललं नाही. वादकांना वाटलं, आता वाद्यं पेटीत घालावीत.

तेवढ्यात त्याने डोळे उघडले आणि फार नम्रपणे, त्यांच्या दमलेपणाबद्दल माफी मागत विचारलं, पुन्हा पहिल्यापासून वाजवाल का?

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, गज पुन्हा उचलले, आणि तेच परत वाजवलं. पण ते तेच नव्हतं. पहाटेपूर्वी टॅक्सीने त्यांना घरोघरी नेऊन सोडलं.